टाकीवर लेकरू बसवून कन्याकुमारी?

चोपडा तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं कापून देते:

"ताई, मी ४१ वर्षांचा. केळी-कापसाची शेती आणि खतांचं छोटं दुकान. हौसेनं ३५० सीसीची बुलेट घेतली, रविवारी काढतो, पुसून ठेवतो. मंडळी आरोग्य केंद्रात नोकरीला, तिच्या स्कूटरवर रोज अडावदला जाते-येते. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ७. दिवाळीच्या सुटीत चौघांनी बुलेटवर चोपडा ते कन्याकुमारी जायचं, वीस दिवसांत परत. मागे कॅरिअर बसवून घेतलंय. मुलगा टाकीवर, मुलगी मधे, मंडळी मागे. तीही तयार आहे. तिची स्कूटर आहे, पण ती एवढ्या लांब कुठं चालवणार? आबा म्हणतात, डोकं फिरलंय तुझं, एवढीच हौस असेल तर चारचाकी भाड्यानं कर. पण चारचाकीत बसून देश काचेतून दिसतो. मुलं आज आमच्यासोबत यायला उड्या मारतायत, अजून दोन-तीन वर्षांनी येतील का? जावं की नाही? आणि आबांना कसं समजवू?"

भाऊ, जा. शेवटून तिसरं वाक्य, दोन-तीन वर्षांनी मुलं येतील का ते, तुम्ही लिहिलं नसतं तर मी कदाचित आबांची बाजू घेतली असती. तेरा वर्षांची पोरगी स्वतःहून आई-बापासोबत वीस दिवस काढायला तयार आहे, हे दरवर्षी होत नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं जाऊ नका. चौघं एका गाडीवर नकोत, एवढ्या दिवसांत कन्याकुमारी नको, आणि टाकीवर लेकरू तर अजिबात नको.

आधी टाकीचंच बघू. आपल्याकडे लग्नाला, यात्रेला, दवाखान्यात चौघं एका गाडीवर जातात, आणि पोलीसही बघून न बघितल्यासारखं करतात. त्यामुळे ते चालतं असंच आपल्याला वाटायला लागलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालवणारा आणि आणखी एक, एवढीच माणसं. तिसरं माणूस सात वर्षांचं असलं तरी ते माणूसच. दंड १,००० रुपये, आणि लायसन्स तीन महिने गेलं ते वेगळं. ते सोलापूरजवळ गेलं तर चोपड्यापर्यंत बुलेट कोण आणणार?

कायदा बाजूला ठेवला तरी अडचण आहेच. जोरात ब्रेक लागला की टाकीवरचं पोर हँडलवर जातं आणि त्याच्या पाठीवर तुमचं ऐंशी किलोचं अंग. वळताना हँडल त्याच्या गुडघ्याला अडतं. दुसरीकडे वहिनी कॅरिअरला टेकून मागच्या चाकाच्याही मागे, वर बॅगा. एवढं वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी हातात राहत नाही. कन्नड घाटातल्या पहिल्याच वळणावर हे कळेल, पण तिथं कळून उपयोग नाही.

म्हणजे गाड्या दोन लागणार. आणि दुसरी गाडी तुमच्या दारात उभी आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बुलेटवर आठ ओळी होत्या, रंगासकट. त्या मी इथं छापल्या नाहीत. वहिनींवर एकच, "तीही तयार आहे". भाऊ, तुम्ही रविवारी गाडी चालवता. वहिनी रोज चालवतात, पावसाळ्यातही, तेही अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. त्या रस्त्याबद्दल चोपडेकराला मी काय सांगणार! खड्डा, ट्रक, केळीचा ट्रॅक्टर आणि मधेच आडवी येणारी म्हैस, हे सगळं ज्या बाईला रोज चुकवायची सवय आहे, ती लांब चालवू शकणार नाही हे कशावरून ठरवलंत? त्यांना विचारा. "येशील ना?" असं नको. "तुझी स्कूटर तू चालवशील का, रोज दीडशे किलोमीटर?" असं विचारा, आणि उत्तर यायला दोन दिवस द्या. त्या नाही म्हणाल्या तर तेही खरं धरा. मग प्रवास रेल्वेचा करा, त्यातही देश दिसतो.

हो म्हणाल्या तर स्कूटर पुढे आणि बुलेट मागे. याच्यावर वाद नको. बुलेट पुढे गेली की आरशात स्कूटर लहान होत जाते, आणि मागची बाई तुम्हाला गाठायच्या नादात तिला न झेपणाऱ्या वेगानं चालवते. स्कूटरची चाकं लहान, खड्डा तिला जास्त लागतो. तिला झेपेल तोच दोघांचा वेग. पन्नास-पंचावन्न पुष्कळ झाला. मुलगी आईच्या मागे, मुलगा तुमच्या मागे, जड सामान बुलेटवर.

मुलाची एक परीक्षा घ्या. बुलेटवर मागे सरळ बसवा. दोन्ही पायांचे तळवे फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का? नुसते अंगठे टेकले तर नाही चालणार. पाय लोंबकळणारं मूल फक्त हातांच्या जोरावर बसलेलं असतं, आणि हात अर्ध्या तासात थकतात. टेकत नसतील तर दोन वर्षं थांबा, किंवा त्याला आबांसोबत एसटीनं पुढच्या मुक्कामी पाठवा. ओढणीनं तुमच्या कमरेला बांधायचं नाही. पडलात तर तो तुमच्याखाली ओढला जाईल. ओढणी वहिनींनी आणि मुलीनंही पूर्ण आत खोचायची. चाकात ओढणी गेलेले अपघात आपल्या भागातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यानं पाहिलेत, वहिनींना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

हेल्मेट चौघांना. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्यानंच सक्तीचं आहे. मुलांसाठी मुलांच्या मापाचं, आयएसआय शिक्क्याचं, हनुवटी झाकणारं घ्या. "मोठं घेऊ, पुढच्या वर्षीही होईल" हा शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथं नको. पट्टा लावून मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्यावर फिरलं तर ते त्याचं नाही. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली तर बघूही नका.

कागदांत दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. वहिनींचं लायसन्स विनागिअरचं असेल तर स्कूटरपुरतं ठीक, पण "थोडा वेळ तू बुलेट घे" हे जमणार नाही. दुसरी गोष्ट विम्याची. पॉलिसीसोबतचं १५ लाखांचं अपघात कवच मालक-चालकाचं असतं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे तो स्वतः चालवत असेल तर. स्कूटर कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे तुमच्याच असणार. मग ती चालवणाऱ्या वहिनींना त्यातून काही मिळत नाही, आणि मागे बसलेल्या मुलांनाही नाही. चौघांची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा.

आता कन्याकुमारी. तुमच्या घरापासून ती साधारण अठराशे किलोमीटर. मुलं घेऊन दुचाकीवर रोज दोनशे म्हणजे डोक्यावरून पाणी. एका बाजूला नऊ दिवस, दोन्ही बाजूंना अठरा. वीसातून उरले दोन. त्या दोन दिवसांत विवेकानंद शिला, तिरुवल्लुवरांचा पुतळा, सूर्योदय, सूर्यास्त आणि एखादं पंक्चर. मुलांना देश दाखवायचा म्हणता आणि अठरा दिवस दाखवणार हायवेचा दुभाजक. व्हिडिओत हे कळत नाही. तिथं सकाळचं धुकं दाखवतात, डोंगर दाखवतात, दुपारी दोन वाजता लिंबाखाली रडणारं पोर कापून टाकतात.

आणि वेळ चुकीची. आपला पाऊस दिवाळीपर्यंत गेलेला असतो, तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस तिथं ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस त्यांना या तीन महिन्यांत मिळतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. मदुराईच्या पुढे रेनकोट घालून सात वर्षांचं पोर मागे बसवायचं, ही हौस कोणाची?

मी सुचवते ते ऐका. मुलांना विशीची आणि पन्नासची नवी नोट द्या आणि मागची बाजू बघायला सांगा. विशीच्या नोटेवर वेरूळ, पन्नासच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ. दोन्ही तुमच्या एकाच रस्त्यावर आहेत. चोपड्याहून हंपी जाऊन-येऊन साधारण अठराशे किलोमीटर होतं, म्हणजे तुमच्या कन्याकुमारीचं एका बाजूचं अंतर. दोनशेच्या नोटेवर सांची आहे. शिरपूर-सेंधवा-इंदूर-भोपाळ करत ती पुढच्या वर्षी. शंभरच्या नोटेवर पाटणची राणी की वाव, ती गुजरातेत. पाचशेचा लाल किल्ला राहू द्या मुलगी स्वतः गाडी चालवेल तेव्हासाठी. दहाच्या नोटेवरचं कोणार्क सगळ्यात लांब, तिथं रेल्वेनं जा.

यंदाचा रस्ता मी असा धरीन. पहिल्या दिवशी तापी ओलांडून धरणगाव, एरंडोल, भडगाव, चाळीसगाव आणि कन्नड घाट चढून वेरूळ. घाट सकाळी चढायचा, वर गाड्या थंड होऊ द्यायच्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, ते वार बघून निघा. पोरांना दारातून परत आणलं तर पुढचे दोन दिवस तुमचं कोणी ऐकणार नाही. दुसऱ्या दिवशी बीड. तिसऱ्या दिवशी तुळजापूर. चौथ्या दिवशी सोलापूर मागे टाकून विजयपूर, आपण ज्याला विजापूर म्हणतो. तिथं गोलघुमट: मोहम्मद आदिलशहाची कबर, वर एवढा मोठा घुमट की आतल्या सज्जात एका बाजूला कुजबुजलं की थेट समोरच्या बाजूला ऐकू जातं. तेरा आणि सात वर्षांच्या भावंडांना एवढं पुरेसं आहे, दोन तास ती खाली उतरणार नाहीत. पुढे बदामी. तिथं दोन रात्री थांबा, गाड्यांना नाही पण तुमच्या कमरेला विश्रांती लागते. लाल दगडात कोरलेली चालुक्यांची लेणी सहाव्या शतकापासूनची, जवळच पट्टदकल. मग हंपी, तिथं दोन-तीन दिवस. विठ्ठल मंदिराच्या आवारात रथासमोर पन्नासची नोट धरून फोटो काढायचा, हे काम मुलाचं.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. तो सगळा ज्वारीचा मुलूख. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, विजयपूर-बदामीकडे ज्वारीचीच भाकरी आणि भरलं वांगं. आपल्या भरताशी त्याची तुलना करत बसू नका, खा. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या आणि ठेचा घरून. शेवभाजी मात्र संभाजीनगरच्या पुढे मागू नका, भलतंच काहीतरी समोर येईल.

वेळापत्रक याच्यापेक्षा महत्त्वाचं. सकाळी साडेसहाला गाडी सुरू, दुपारी एकच्या आत मुक्काम. पाऊण तासाला थांबा, उतरा, पाणी प्या, चाला. माझं बहुतेक आयुष्य मागच्या सीटवर गेलंय, म्हणून सांगते: पुढच्याला वारा लागतो, रस्ता दिसतो, त्याचा वेळ जातो. मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते आणि झोप येते. जेवल्यानंतर मूल मागे पेंगतं आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून जेवण झालं की गाडी नाही. दुपारी लॉजवर झोपू द्या, संध्याकाळी गाव बघा. मुलाला दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारत राहा. तो गप्प झाला की गाडी बाजूला.

अंधार पडल्यावर एक किलोमीटरही नको. दिवाळीनंतर त्या सगळ्या पट्ट्यात उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर. दिवसा त्याची गंमत वाटते, रात्री तो दिसतच नाही. कर्नाटकात रस्त्यावर मका, ज्वारी वाळत घातलेली सापडेल, त्यावरून स्कूटर सटकते. मॅप लावताना दुचाकीचं चिन्ह निवडा, नाहीतर तो संभाजीनगरजवळ तुम्हाला समृद्धीवर चढवायला बघेल, आणि तिथं दुचाकीला बंदी आहे.

एक गोष्ट पुरुषांच्या पत्रात कधीच नसते, तुमच्याही नव्हती. बायका आणि मुली प्रवासात पाणी कमी पितात, कारण लघवीला जायचं कुठं? मग डोकं दुखतं, उन्हाळी लागते. थांबण्याच्या जागा पेट्रोल पंप बघून ठरवा. शौचालय, पिण्याचं पाणी आणि हवा या सोयी पंपावर फुकट असतात, पेट्रोल भरा की नका भरू. कुलूप असेल तर किल्ली मागायची, आणि ती तुम्ही मागायची, मुलीला पाठवायचं नाही. पाळीचे दिवस आले तर एक मुक्काम वाढवायचा. तेवढी सवड वेळापत्रकात आत्ताच ठेवा, कारण न सांगता.

आबांचं काय करायचं? त्यांना समजवू नका. त्यांचं अर्धं बरोबर आहे हे कबूल करा: चौघं एका गाडीवर म्हणजे खरोखर डोकं फिरल्याचं लक्षण. "आबा, तुमचं ऐकलं, दोन गाड्या केल्या, कन्याकुमारी रद्द केली" असं सांगितलं की त्यांचा निम्मा राग तिथंच जातो. उरलेल्यासाठी तुळजापूर. त्यांना एसटीनं तिसऱ्या दिवशी तिथं बोलवा. भवानीचं दर्शन सुनेनं, नातवंडांनी आणि त्यांनी एकत्र घ्यायचं म्हटल्यावर कोणता म्हातारा नाही म्हणेल? मुलाचे पाय फूटरेस्टला टेकत नसतील तर तोही त्यांच्याच सोबत येईल. फक्त रोज संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर फोन तुम्ही करायचा, त्यांच्या फोनची वाट बघायची नाही.

आणि हे सगळं दिवाळीला पहिल्यांदा करू नका. त्याआधी एखाद्या शनिवार-रविवारी तोरणमाळला जाऊन या, शिरपूर-शहादा करत. दोन्ही गाड्या, चौघं, पूर्ण सामान, हेल्मेट, एक रात्र मुक्काम. सपाट रस्ता आहे, खड्डे आहेत, शेवटी घाट आहे. सगळी परीक्षा तिथं होते. कुठली बॅग हलते, कोणाचं हेल्मेट कपाळाला रुततं, वहिनींची मनगटं किती वाजता दुखायला लागतात, हे घरापासून एका दिवसाच्या अंतरावर कळलेलं बरं. परत आल्यावर मुलीला एकटीला विचारा, अजून यायचंय का? ती नाही म्हणाली तर रागावू नका. का ते ऐका.

गाड्यांचं थोडक्यात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमची बुलेट पुसून ठेवण्यात गेलेली, त्यामुळे नक्षी नवी दिसेल, पण रबर जुनं असू शकतं. एवढं जुनं असेल तर बदला. क्लच आणि अॅक्सिलरेटरची जादा केबल, प्लग, पंक्चरचं सामान, चेनला तेल. हायवेवर अडलात तर १०३३, जिवावरचं असेल तर ११२. परतीला कोणाची कंबर धरलीच तर हंपीजवळच्या होस्पेटहून गाड्या रेल्वे पार्सलनं टाकून बसून या. टाकी रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते. त्यात कमीपणा नाही.

सर्व्हिसिंग मात्र निघायच्या आदल्या दिवशी करू नका, सगळे तेच करतात. दहा दिवस आधी करा आणि मग दोन्ही गाड्या रोज चालवा, म्हणजे मेकॅनिकनं कुठला नट सैल सोडलाय ते चोपड्यातच कळेल.